बेलोरा ते शिवणी : वऱ्हाडच्या आकाशांतील वाट

वऱ्हाड म्हटलें म्हणजे काळी जमीन, पांढरा कापूस आणि वैशाखांतील कडक ऊन हीं वाचकांच्या डोळ्यांपुढें उभीं राहतात. ह्या प्रांताचीं वर्णनें पुष्कळ झालीं, परंतु तीं बहुतेक जमिनीवरून केलेलीं. वऱ्हाडच्या आकाशासही वाटा आहेत आणि त्या वाटांवरही वाटाडे लागतात. त्यांचा थोडा परिचय वाचकांस करून द्यावा, एवढाच ह्या लेखाचा हेतु आहे.

अमरावतीजवळील बेलोरा विमानतळावरून प्रवासी विमानांची नियमित वाहतूक १६ एप्रिल २०२५ रोजीं सुरू झाली. धांवपट्टी १,८५० मीटर लांब, आणि तीवर उतरणारें विमान एटीआर-७२ ह्या पंख्यांच्या जातीचें. पुढें मुंबईस जाण्याचा प्रसंग आला तेव्हां आम्हीं नेहमींची अंबा एक्सप्रेस सोडून हें विमान पसंत केलें. ज्येष्ठाचे दिवस होते. बडनेऱ्याचे रूळ मागें पडले, नांगरून ठेवलेलीं शेतें लहान होत गेलीं, उजव्या हातास दूरवर अकोल्याचीं घरें दिसूं लागलीं; इतक्यांत विमानानें डावीकडे वळण घेतलें. उजवीकडे पूर्णेच्या खोऱ्यावर फुलकोबीच्या गड्ड्यासारखा एक प्रचंड ढग उभा होता. शेजारचे गृहस्थ उशीर होणार म्हणून कुरकुरूं लागले. आमच्या मनांत मात्र निराळाच प्रश्न आला : ढगाच्या पोटांत काय आहे, हें वैमानिकास कोणीं सांगितलें?

मुंबईस आमचा भाचा ह्या विषयाचा अभ्यासी आहे. रात्रीं जेवणें झाल्यावर त्यास विचारलें, तेव्हां तो म्हणाला, “मामा, तो ढग तिघे जण पाहत होते, पण सगळा ढग एकासही दिसत नव्हता.” ह्या उत्तराचा उलगडा त्यानें केला तो असा.

पहिला पाहणारा वैमानिक. विमानाच्या नाकांत एक लहान रडार असतें. डोंगरापुढें उभें राहून हांक मारली असतां जसा प्रतिध्वनि येतो, तशी त्यांतून सुटलेली विद्युल्लहर पावसाच्या थेंबांवर आदळून परत येते. पाऊस हलका असेल तर पडद्यावर हिरवा रंग, जोराचा असेल तर पिंवळा, अतिवृष्टि असेल तर तांबडा. नाकांतील जागा थोडी, म्हणून लहरीही आंखूड, सुमारें तीन सेंटीमीटरांच्या. अशा लहरी दाट पावसांत शिरल्या कीं तेथेंच खर्ची पडतात. पलीकडे दुसरें वादळ असलें तरी पडद्यावर ती जागा मोकळी दिसते. ४ एप्रिल १९७७ रोजीं अमेरिकेंतील जॉर्जिया राज्यांत सदर्न एअरवेज कंपनीचें एक विमान असेंच वादळांत सांपडलें. गारा व पाणी शिरून दोनही एंजिनें बंद पडलीं, विमान रस्त्यावर उतरवावें लागलें, आणि जमिनीवरील लोक धरून ७२ माणसें प्राणांस मुकलीं. वैमानिकानें आपल्या नाकांतील रडारावर फार भिस्त ठेवली, हा दोष चौकशींत निघालाच. पण वादळाची ताजी वार्ता वैमानिकापर्यंत वेळेवर पोंचविण्याची व्यवस्था अपुरी होती, हेंही चौकशीनें नमूद केलें.

दुसरा पाहणारा नागपुरास आहे. तेथील हवामान खात्याचें डॉप्लर रडार मोठें, त्याच्या लहरी सुमारें दहा सेंटीमीटरांच्या. त्या पावसास सहसा दबत नाहींत. ढगांतील वारा आपल्याकडे येतो कीं दूर जातो, हेंही तें ओळखतें. नागपूरजवळचें रामटेक म्हणजेच मेघदूतांतील रामगिरि, अशी परंपरा आहे. यक्षानें मेघाबरोबर निरोप धाडला. आतां त्याच प्रदेशांत मेघाकडूनच निरोप घेतला जातो! मात्र ह्या निरोपासही दोन मर्यादा आहेत. पहिली काळाची. सारें आकाश चाळून नवें चित्र तयार होण्यास सुमारें दहा मिनिटें लागतात. पूर्ण वेगांतील एटीआर तेवढ्या अवधींत बेलोऱ्यावरून निघून शिवणी ओलांडून जाईल. दुसरी मर्यादा भूगोलाची. नागपूरपासून बेलोरा सरळ रेषेंत सुमारें १४० किलोमीटर, तर अकोल्याचा शिवणी विमानतळ सुमारें २१०. रडाराचा खालचा किरण क्षितिजापासून अर्धा अंश उचलून सोडला असें धरूं. पृथ्वी वाटोळी असल्यामुळें तो जसजसा दूर जाईल तसतसा जमिनीपासून उंच राहील. गणित करूं जातां किरणाचा मध्य बेलोऱ्यावर सुमारें अडीच किलोमीटर, तर शिवणीवर जवळजवळ साडेचार किलोमीटर उंचीवरून जातो. ढगाचा माथा दिसतो, पण पायथा दृष्टीआड राहतो.

तिसरा पाहणारा म्हणजे आकाशांतील वाहतुकीचा नियंत्रक. सामान्य समजूत अशी कीं, त्याच्या पडद्यावर सर्व कांहीं दिसत असावें. वस्तुतः त्याचें मुख्य रडार विमानास प्रश्न विचारतें आणि विमानांतील यंत्र आपला क्रमांक व उंची कळवितें. ढगाजवळ असें यंत्र कोठून असणार? हवामानाच्या रडाराचें चित्र मुद्दाम जोडून दिलें नसेल, तर विमानें त्यास दिसतात आणि वादळ दिसत नाहीं. वैमानिकाचें अगदीं उलट : वादळ दिसतें, पण आजूबाजूचीं सर्व विमानें त्यास दिसतीलच असें नाहीं. म्हणून वैमानिक ‘डावीकडे इतके मैल वळूं काय?’ असें विचारतो. त्या वाटेवर दुसरें विमान नाहीं असें पाहून नियंत्रक रुकार देतो. आणि ती वार्ता मागून येणाऱ्या वैमानिकासही कळवितो. आम्हांस मिळालेलें तें डावें वळण अशाच संभाषणाचें फळ होतें.

परत आल्यावर आम्ही मुद्दाम बडनेऱ्याहून आगगाडीनें अकोल्यास गेलों आणि शिवणीचा विमानतळ बाहेरून पाहिला. नियमित प्रवासी वाहतूक तेथें नव्हती. सर्वत्र सामसूम होती. परंतु डोक्यावरचें आकाश रिकामें नाहीं. १९४९ सालीं रात्रीच्या टपालाचीं विमानें मुंबई, दिल्ली, कलकत्ता व मद्रास येथून निघून नागपुरास एकत्र येऊं लागलीं, तेव्हांपासून मुंबईची वाट ह्याच वऱ्हाडावरून आहे. ढगाच्या पोटांत पाहणारा डोळा त्या वैमानिकांजवळ नव्हता.

शिवणीच्या पश्चिमेस थोड्याच अंतरावर पारस गांव आहे. ९ एप्रिल २०२३ रोजीं सायंकाळीं तेथें वादळी वाऱ्यानें कडुनिंबाचें जुनें झाड मंदिराजवळील टिनाच्या शेडवर कोसळून सात भाविक मृत्यु पावले. वळवाचा वारा ढगाच्या पायथ्यांतून सुटतो, आणि उतरत्या विमानास व जमिनीवरील माणसास भय असतें तें त्याचेंच. म्हणून उद्यां शिवणीस प्रवासी विमानें येवोत, ही इच्छा करतांना आम्ही तिला आणखी एक जोड देतों : धांवपट्टी लांब करणाऱ्यांनीं ह्या पायथ्यावर नजर ठेवणाऱ्या जवळच्या रडाराचाही विचार करावा. त्याचा उपयोग वैमानिकाइतकाच शेतकऱ्यासही होईल.

तात्पर्य, आकाशांतील सुरक्षितता एकट्या यंत्रावर अवलंबून नाहीं. तिघांचें ज्ञान अपुरें आहे. तें एकमेकांस वेळेवर सांगितलें तरच पुरें होतें. घरांत वडील माणसें, मुलें व सुना आपापल्यास ठाऊक असलेली गोष्ट मनांत ठेवूं लागलीं तर संसाराचें काय होतें, हें वाचकांस सांगणें नको. यापुढें विमान वळलें किंवा सुटण्यास उशीर झाला, तर कपाळास आंठी घालण्यापूर्वीं इतकें ध्यानांत आणावें कीं, आपल्या प्राणांसाठीं कोणी तरी कोणास कांहीं विचारीत आहे, आणि उत्तराची वाट पाहत आहे.