आईने यावं!

माझे मामा-मामी २०२३ साली अमेरिकेहून पुण्याला आले ते एका मुलीसाठी. मुलगी दोन वर्षांची, अनाथाश्रमातली. रोज मीही सोबत जायचो. हॉस्टेल जवळ, आणि पिशव्या उचलायला भाचा फुकटात!

पहिल्या दिवशी पोरगी तिथल्या मावशींचा पदर सोडेना. मामीने आणलेली बाहुली तिने बघितलीसुद्धा नाही. दुसऱ्या दिवशी मामी नुसतीच शेजारी बसून राहिली. तिसऱ्या दिवशी मावशींनी वरणभाताची वाटी मामीच्या हातात दिली. पोरीने आधी मावशींकडे बघितलं, मगच घास घेतला. मामीचे डोळे भरून आले.

मामा मात्र कागदपत्रांना जाम वैतागलेला. "एवढ्या कागदांत एक पूल बांधून झाला असता रे!" मामा सिव्हिलवाला ना!

पण या कागदांमागे एक पत्र आहे. लक्ष्मीकांत पांडे या वकिलांनी १९८२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला लिहिलं, की दत्तकाच्या नावाखाली कोवळी मुलं लांबच्या देशांत पाठवली जातात आणि त्या प्रवासात त्यांच्या जिवाला धोका असतो. त्या पत्राचीच याचिका झाली, आणि १९८४ च्या निकालाने परदेशी दत्तकाला नियम घालून दिले.

दोन वर्षांचं पोर स्वतःची बाजू काय मांडणार? ती त्या फाईलनेच मांडायची. बाकीचं काम आईचं. तिने यावं, जवळ बसावं, वाट बघावी. विमानात बसताना पोरीला एक तरी हात ओळखीचा हवा.

आता व्हिडिओ कॉलवर ती मला "दादा" म्हणते. तिच्या पलंगाशी मावशींचा फोटो आहे.