तीन अधिक चार बरोबर पाच

वीस वर्षे बँकेच्या काउंटरमागे काढलेल्या माणसाला बेरजेची भीती दाखवू नये. दिवसअखेर तीन रुपयांचा फरक शोधण्यासाठी आम्ही रात्री साडेआठपर्यंत बसलेलो आहोत. त्यामुळे अकरावीतल्या आमच्या कन्येने परवा विचारले, "बाबा, तीन आणि चार किती?" तेव्हा मी वर्तमानपत्रातून डोकेही वर न काढता "सात" म्हणून मोकळा झालो.

"चूक. पाच."

मी पेपर खाली ठेवला. तिने वहीत रेघा मारून दाखवल्या. एक कण तीन मीटर पूर्वेला गेला, मग चार मीटर उत्तरेला. आता निघाल्या जागेपासून तो सरळ रेषेत किती लांब? पाच मीटर. पायथागोरसचे नाव काढल्यावर मी काय बोलणार? पण आमच्या बँकेत तीन आणि चार मिळून पाच करणाऱ्या कॅशिअरला दुसऱ्या दिवशी घरी बसवतात. हिच्या पुस्तकात त्याला पूर्ण गुण!

हा कण म्हणजेही अजब प्राणी. त्याला वस्तुमान असते, पण आकारमान नसते. आमच्या साहेबांचे नेमके उलटे. आकारमान भरपूर, वजन मात्र कोणावर पडत नाही.

एरवी या विनोदावर कन्या हसते. आज हसली नाही. तिने चाचणीचा पेपर पुढे केला. पंचवीसपैकी सहा.

"बाबा, मी कॉमर्सला जाऊ का? तुम्ही गेला होतात तशी?"

आता इथे एक जुने खाते उघडणे भाग आहे. मी कॉमर्सला गेलो तो आवडीने, असे आमच्या घराण्यात समजतात. सासुरवाडीला तर ठरवतानाच तसे सांगितले होते. खरी गोष्ट अशी की मीही अकरावीला सायन्सलाच होतो, आणि असल्याच दोन कणांनी मला तिथून पळवून लावले. वडील एका शब्दाने बोलले नाहीत. माझ्यासाठी आणलेली नवी कंपासपेटी त्यांनी तेवढी कपाटात वरच्या फळीवर ठेवून दिली.

"आण ते गणित," मी म्हणालो. स्वयंपाकघरातले भांड्यांचे आवाज थांबले. सौ. ऐकत होती.

गणित असे होते. एका मैदानात अ नावाचा कण आहे. त्याच्या पूर्वेला २५ मीटरवर ब. दोघे एकाच क्षणी निघतात. अ सेकंदाला ६ मीटर पूर्वेला आणि २ मीटर उत्तरेला सरकतो, ब २ मीटर पूर्वेला आणि ५ मीटर उत्तरेला. ते एकमेकांच्या जास्तीत जास्त जवळ केव्हा येतात, आणि किती? हे सगळे आय आणि जे या अक्षरांत लिहिले होते आणि दोन्ही अक्षरांच्या डोक्यावर टोप्या होत्या.

"टोप्या कशाला?"

"युनिट व्हेक्टर, बाबा. आय म्हणजे पूर्व, जे म्हणजे उत्तर. आयमध्ये जे मिसळायचा नाही."

"म्हणजे दोन खाती!" मी ओरडलोच. "पूर्वेचे पूर्वेच्या खात्यात, उत्तरेचे उत्तरेच्या. सरमिसळ केली की अफरातफर. मग हे तेव्हा कोणी सांगितले का नाही?"

"पण बाबा, दोघेही पळतायत. अंतर मोजायचे कुठून?"

याचे उत्तर मला लोकलने दिले. आपली गाडी आणि शेजारची गाडी एकाच वेगाने, एकाच दिशेने जात असल्या की समोरच्या खिडकीतला माणूस जागच्या जागी बसलेला दिसतो. आपली गाडी पुढे सरकू लागली की तोच बिचारा मागे जाताना दिसतो. हेच नावेत बसून आर्यभटाने इ.स. ४९९ च्या सुमारास लिहून ठेवले आहे. पुढे जाणाऱ्या नावेतल्या माणसाला काठावरच्या वस्तू मागे जाताना दिसतात, तसेच आपल्याला तारे पश्चिमेकडे सरकताना दिसतात.

"तू अ च्या गाडीत बस," मी म्हणालो. "खिडकीतून ब कसा दिसतो ते सांग. ब च्या खात्यातून अ चे खाते वजा कर."

पूर्वेचे खाते : दोन वजा सहा, उणे चार. उत्तरेचे : पाच वजा दोन, तीन. म्हणजे अ च्या खिडकीतून ब दर सेकंदाला चार मीटर पश्चिमेला आणि तीन मीटर उत्तरेला जाताना दिसणार. मग आम्ही पासबुकासारखे तक्ते भरत गेलो. तिसऱ्या सेकंदाला १३ आणि ९, अंतर १५.८. चौथ्याला ९ आणि १२, अंतर १५. पाचव्याला ५ आणि १५, अंतर पुन्हा १५.८!

"चौथा सेकंद! पंधरा मीटर!" कन्या उठून उभीच राहिली. मग म्हणाली, "थांबा, ताळा करते." जवळात जवळ असताना अंतराची रेघ आणि खिडकीतून दिसणारा वेग काटकोनात असतात, आणि काटकोन असला की त्यांचा डॉट प्रॉडक्ट शून्य येतो. नऊ गुणिले उणे चार, उणे छत्तीस. बारा त्रिक छत्तीस. बेरीज शून्य.

फरक शून्य! बँकवाल्याला याहून गोड आकडा दुसरा नाही. मला मात्र एकदम वरच्या फळीची आठवण झाली.

"हे बघ," मी म्हणालो, "मी कॉमर्सला गेलो नव्हतो. मी इथून पळालो होतो. पुढे कॉमर्स आवडले, ही गोष्ट निराळी. तुला जायचे तर खुशाल जा. पण पळत जाऊ नकोस, चालत जा."

ती काही बोलली नाही. स्वयंपाकघरातून मात्र आवाज आला, "तरीच! माझे बाबा तेव्हाच म्हणत होते."

स्टुलावर चढून मी कंपासपेटी काढली. कर्कटक गंजला होता, तरी गोल काढत होता. बरेच झाले. कन्या सध्या सायन्सलाच आहे आणि पुढच्या धड्यात कण गोल फिरायला लागला आहे. तिथे वेग तोच राहतो, पण दिशा क्षणाक्षणाला बदलते म्हणे. हे कोणत्या खात्यात टाकायचे ते मला अजून समजलेले नाही. रोज जेवण झाले की ती मला समजावून सांगते.