आता धरण कोण बांधणार?

कोल्हापूरची गाडी रात्रीची होती, पण मी दुपारीच खेतवाडीत गेले. ६ मे १९२२ रोजी राजर्षी शाहू छत्रपतींचं निधन झालं ते कोल्हापुरात नव्हे, मुंबईत. गिरगावाला लागून असलेल्या खेतवाडीतल्या पन्हाळा लॉज या त्यांच्या बंगल्यात. वय अवघं सत्तेचाळीस. शंभर वर्षांनी, त्याच तारखेला, सगळं कोल्हापूर सकाळी दहा वाजता शंभर सेकंद जागच्या जागी थांबणार, असं जाहीर झालं होतं. ते पाहायला निघायचं तर जिथून त्यांच्या निधनाची बातमी निघाली तिथूनच निघावं, असं मला वाटत होतं.

खेतवाडीच्या गल्ल्यांत आता माणसं, दुकानं आणि हातगाड्या यांतून वाट काढावी लागते. एका वयस्कर दुकानदाराला विचारलं, तर त्याने मान वर करून समोरच्या इमारतींकडे पाहिलं आणि म्हणाला, ‘‘इथे राजा राहायचा असं वडील सांगत. पण माझ्या आठवणीत या इमारतीच आहेत.’’ एवढंच मिळालं. महाराजांना मधुमेह होता, हृदयाचा त्रास होता. चार वर्षांपूर्वी, १९१८ मध्ये, धाकटे चिरंजीव शिवाजी शिकारीत अपघाताने गेले, त्या दुःखाने ते आतून खचले होते. शेवटच्या घटकेला त्यांनी सगळ्यांना सलाम सांगितला, असं कोल्हापुरात घरोघरी सांगतात. या गल्लीत उभं राहून तो सलाम कुणाकुणाला असेल याचा विचार करत मी स्टेशनकडे निघाले.

महालक्ष्मी एक्सप्रेसमध्ये समोरच्या बाकावर कागलचे एक निवृत्त शिक्षक होते. कागल म्हणजे महाराजांच्या जन्मदात्या घाटगे घराण्याचं गाव. तिथले यशवंतराव १८८४ मध्ये कोल्हापूरच्या गादीवर दत्तक आले आणि शाहू झाले. मी कशासाठी चालले आहे ते कळल्यावर गुरुजी खुलले. आजी सांगायची, त्या दिवशी गावात चूल पेटली नाही, असं ते म्हणाले. हे वाक्य कुठल्याही राजाच्या मृत्यूबद्दल ऐकायला मिळतं. ते खोटं असतं असं नाही, पण त्यातून त्या एका माणसाचं जाणं कळत नाही. म्हणून मी विचारलं, ‘‘आणि आजोबा काय सांगायचे?’’

गुरुजी थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, ‘‘आजोबा तेव्हा कोल्हापुरात बोर्डिंगात होते. मराठा बोर्डिंगात. घरात अक्षर ओळखणारं दुसरं कुणी नव्हतं. बातमी आली तेव्हा मुलं रडली म्हणायचे. पण रडता रडता एक जण म्हणाला, आता बोर्डिंग बंद होणार काय? मग कुणी जेवेना. राजा गेला म्हणून नव्हे, उद्या वळकटी बांधून गावाकडे जावं लागेल म्हणून. आजोबांना म्हातारपणीसुद्धा त्याची लाज वाटायची. म्हणायचे, महाराज गेले आणि आम्ही आमचंच बघत बसलो.’’

त्यात लाज वाटण्यासारखं काय होतं, हे मला तेव्हाही कळलं नाही, आजही कळत नाही. गाडी रात्रीच्या अंधारात धावत होती आणि मी त्या मुलांचा विचार करत होते. व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग १९०१ मध्ये निघालं. त्यामागोमाग जैन, लिंगायत, मुसलमान, अस्पृश्य अशा एकेका समाजाच्या मुलांसाठी वसतिगृहं उभी राहिली. अस्पृश्य मुलांसाठीचं मिस क्लार्क बोर्डिंग १९०८ चं. या मुलांच्या आधीच्या सात पिढ्यांत कुणी शहरात राहून शिकलेलं नव्हतं. ज्याच्या शब्दावर ही जेवणाची ताटं आणि या पाट्या-पेन्सिली आल्या, तो माणूस अचानक गेला. त्या मुलांना पोटातून जी भीती वाटली असेल, तिच्याइतका खरा शोक मला दुसरा माहीत नाही.

सकाळी कोल्हापूरला उतरले. स्टेशनचं नावच छत्रपती शाहू महाराज टर्मिनस. रिक्षावाल्याने मीटर टाकायच्या आधीच बजावलं, ‘‘ताई, धाच्या आत दसरा चौकात पोचवतो. मग मला बी थांबायचंय.’’

दसरा चौकात महाराजांचा पुतळा आहे आणि त्याच्या आजूबाजूला वसतिगृहं. मुस्लिम बोर्डिंग, जैन बोर्डिंग, लिंगायत बोर्डिंग अशा पाट्या वाचत माणूस हिंडला तर त्याला वाटेल, या राजाने जाती पक्क्या केल्या. माझ्याही मनात हा प्रश्न पुष्कळ दिवस होता. पण त्या काळी एका पंगतीत जेवायला कुणाची तयारी नव्हती, आणि पंगत सुधारेपर्यंत मुलांनी उपाशी आणि अडाणी राहावं हे महाराजांना मान्य नव्हतं. त्यांनी आधी मुलांना छप्पर दिलं. १९१७ मध्ये प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं, आणि दोनच वर्षांत शाळांतली शिवाशिव बंद करण्याचा हुकूमही काढला. २६ जुलै १९०२ चा राज्याच्या नोकऱ्यांत मागासलेल्यांना निम्म्या जागा ठेवण्याचा हुकूम तर त्याही आधीचा.

दहा वाजले. आधी सिग्नलजवळच्या गाड्या थांबल्या, मग एकेकाने इंजिन बंद केलं. भाजीची पाटी घेतलेली एक बाई पाटी खाली ठेवून उभी राहिली. डबे पोचवणारा एक पोरगा सायकलवरून उतरला आणि हँडल धरून सरळ उभा राहिला. शंभर सेकंद बोलायला थोडे, पण उन्हात, भर रस्त्यात ते बरेच होतात. माझ्याशेजारी पालिकेची एक सफाई कामगार मावशी झाडू आडवा धरून उभी होती. वेळ संपल्यावर घोषणा सुरू झाल्या, तेव्हा मी तिला विचारलं, घरात कुणी महाराजांना पाहिलं होतं का.

‘‘माझी आज्जी पन तवा जल्मली न्हवती,’’ ती म्हणाली. ‘‘बघायला कशाला पायजे? माझी लेक नर्सिंगला हाय.’’ आणि ती कामाला लागली. घाईत दिलेल्या या उत्तरात तिने शंभर वर्षं ओलांडली होती, आणि मला त्यात आणखी काही विचारण्यासारखं राहिलं नाही.

तिथून नर्सरी बागेकडे चालत गेले. आपलं स्मारक इथे व्हावं अशी महाराजांची इच्छा होती. समाधिस्थळ मात्र उभं राहिलं ते जवळपास शतकानंतर. राजाची शेवटची इच्छा पुरी करायला त्याच्याच शहराने एवढा उशीर लावावा, हे मला टोचलं आणि ते मी बागेतल्या कठड्यावर बसलेल्या एका आजोबांना बोलून दाखवलं. शेजारच्या सिद्धार्थनगरात त्यांचं घर.

‘‘सरकारानं उशीर केला,’’ ते म्हणाले. ‘‘आमी न्हाई केला. म्हाराजांचं पयलं स्मारक आमच्या लोकांनी बांधलं. गंगारामनं फुडाकार घेतला. म्हाराज जाऊन चार वर्सं बी झाली न्हवती.’’

गंगाराम कांबळे यांची गोष्ट कोल्हापूरबाहेरही पुष्कळांना माहीत आहे, पण इथे बसून ऐकताना ती वेगळी लागते. गंगाराम राजवाड्याच्या पागेत कामाला होते. मराठ्यांसाठी राखलेल्या हौदाला शिवले म्हणून त्यांना मार बसला. महाराज तेव्हा परगावी होते. परत आल्यावर त्यांनी मारणाऱ्यांना शिक्षा केली आणि गंगारामांना स्वतःचा धंदा काढायला पैसे दिले. गंगारामांनी भाऊसिंगजी रोडवर चहाचं हॉटेल काढलं. अस्पृश्याच्या हातचा चहा प्यायला कोण येणार? कुणी येईना. मग महाराजांची गाडी त्या दारात थांबू लागली. महाराज चहा मागवायचे, स्वतः प्यायचे आणि बरोबरच्या उच्चवर्णीय मंडळींनाही प्यायला लावायचे.

‘‘मग म्हाराज गेलं,’’ आजोबा म्हणाले. ‘‘आमच्यात सांगत्यात, त्या येळंला सगळी म्हनायची, आता हाटेलात कोन येनार?’’

पुन्हा तोच प्रश्न. बोर्डिंग बंद होणार काय, हॉटेलात कोण येणार. डॉ. आंबेडकर तेव्हा शिक्षणासाठी लंडनमध्ये होते. दोनच वर्षांपूर्वी, मार्च १९२० मध्ये, माणगावच्या परिषदेत महाराजांनी त्यांच्याकडे बोट दाखवून, तुम्हाला तुमचा पुढारी मिळाला, असं जमलेल्या लोकांना सांगितलं होतं. त्यांच्या ‘मूकनायक’ पत्रासाठी पैसेही दिले होते. निधनाची बातमी कळताच आंबेडकरांनी महाराजांचे थोरले चिरंजीव राजाराम महाराज यांना पत्र लिहिलं. त्यात स्वतःचा मित्र गेल्याचं दुःख होतं आणि आपल्या समाजाचा आधार तुटल्याची चिंताही होती. लंडनमधला बॅरिस्टरीचा विद्यार्थी आणि भाऊसिंगजी रोडवरचा चहावाला एकाच धास्तीत होते. ज्यांच्या हातात काही होतं त्यांनी राजा गमावला. ज्यांच्या हातात नुकतंच काही पडू लागलं होतं, त्यांना ते टिकेल की नाही याचा घोर लागला. आणि तरीही पहिलं स्मारक बांधलं ते याच लोकांनी, स्वतःच्या पैशाने.

भाऊसिंगजी रोडवर मी एका टपरीवर चहा घेतला. टपरीवाल्याला गंगारामांची जागा दाखवता आली नाही, पण गोष्ट पाठ होती. शेजारी चार जण चहा पीत होते. कुणी कुणाची जात विचारत नव्हतं. मी तिथे गरजेपेक्षा जास्त वेळ उभी राहिले.

संध्याकाळी पंचगंगेच्या घाटावर गेले. १८९९ च्या सुमारास, कार्तिकस्नानाला महाराज या नदीवर येत, तेव्हा पुरोहिताने वेदोक्त मंत्रांऐवजी पुराणोक्त म्हटले. छत्रपतींच्या गादीवर बसलेला माणूसही त्या भटजीच्या हिशेबी शूद्रच होता. तो अपमान महाराज विसरले नाहीत, पण त्यांनी तो स्वतःपुरता ठेवला नाही, हे मला फार मोठं वाटतं. आपल्याला जे बोललं गेलं ते रोज ऐकणारी माणसं आपल्या राज्यात किती, याचा शोध त्यांनी तिथून घेतला. मुंबईहून आणलेल्या त्यांच्या देहाला याच पंचगंगेच्या काठी अग्नी दिला गेला. घाटावर दिवे सोडायला आलेल्या दोन बायकांना हे माहीत होतं. त्यांतली एक म्हणाली, ‘‘नदीनं दोन्ही बघितलं की.’’

दुसऱ्या दिवशी रंकाळा स्टँडवरून राधानगरीची एसटी धरली. शहर संपलं की दोन्ही अंगांना ऊस लागतो तो मग सुटतच नाही. भर मे महिन्यात, जेव्हा माझ्या माहेरच्या माणदेशात टँकरची वाट पाहतात, तेव्हा इथे पाटाच्या पाण्याचा वास येत होता. परितेला साखर कारखाना दिसला. पुढे डोंगर जवळ आले, रस्त्याकडेला पोरं करवंदं विकायला बसली होती. राधानगरी गाव वसलं ते १९०८ मध्ये, महाराजांच्या मुलीचं, राधाबाईंचं नाव घेऊन. भोगावती नदी अडवून बांधलेलं धरण हे महाराजांचं सगळ्यात मोठं स्वप्न होतं. १८९६-९७ चा दुष्काळ त्यांनी गादीवर आल्या आल्या पाहिला होता. त्यानंतर दहा-बारा वर्षांत या डोंगरात काम सुरू झालं. पण खर्च संस्थानाच्या आवाक्याबाहेर जाऊ लागला, त्यात महायुद्धाची महागाई आली, आणि १९१८ मध्ये काम थांबलं. महाराज गेले तेव्हा भिंत अर्धवट उभी होती.

धरणाच्या अलीकडे एका झाडाखाली ऐंशीच्या घरातले एक शेतकरी बसले होते. ‘‘कुठलं पावणं?’’ म्हणत त्यांनी आधी पाणी दिलं, मग नाव-गाव विचारलं. त्यांच्या वडिलांनी पोरवयात या भिंतीवर दगड वाहिले होते. मी त्यांना विचारलं, महाराज गेल्याची बातमी इकडे आली तेव्हा वडील काय म्हणाले होते?

‘‘काम तवा बंदच हुतं,’’ ते म्हणाले. ‘‘बाप आनि त्येचं सोबती भितीवर येऊन बसलं. घरला कुनी जाईना. बाप म्हनायचा, आमी येकमेकास्नी येकच इच्यारलं, आता धरान कोन बांधनार? म्हाराज जित्तं हुतं तवर वाटायचं, आज न्हाई उद्या काम लागंल. आता वाट कुनाची बगायची?’’

उत्तर मिळायला फार वर्षं लागली. संस्थान विलीन झालं, मुंबई राज्य आलं, आणि धरण पुरं झालं ते १९५७ मध्ये, महाराज गेल्यावर पस्तीस वर्षांनी. पाण्याचा दाब वाढला की आपोआप उघडणारे सात दरवाजे आज पावसाळ्यात सगळ्या जिल्ह्याच्या बातम्यांत असतात.

‘‘वडिलांनी पाहिलं का पुरं झालेलं?’’

‘‘बघितलं की. आमास्नी घिऊन आला हुता. मी पंधरा वर्साचा आसंन.’’ त्यांनी हाताने भिंतीचा खालचा भाग दाखवला. ‘‘म्हनला, ह्यो खालचा दगुड आमचा. वरचा सरकारचा. पर पानी म्हाराजांचं.’’

मग ते उठले. त्यांच्या उसाला आज पाण्याची पाळी होती आणि मोटर सुरू करायची होती.