अर्ध्या दृष्टीचा शब्द

गेल्या चैत्रांत नेत्रवैद्यांनीं माझ्या दोन्ही डोळ्यांत काचबिंदू असल्याचें सांगितलें. मोतीबिंदू काढतां येतो. काचबिंदूनें गेलेली दृष्टि परत येत नाहीं, उरलेली तेवढी औषधानें राखावयाची. समोरचें पुस्तक मला अजून वाचतां येतें. परंतु दृष्टीच्या कडा झिजल्यामुळें बाजूचें दिसत नाहीं. एके सकाळीं देवघराकडे जातांना ओटीवरच्या घागरीवर आदळलों, तेव्हां धाकट्या नातवानें सरळच विचारलें, "आजोबा, तुम्ही आंधळे आहां कीं नाहीं?" सूनबाईंनीं त्यास दटावलें, पण प्रश्न रास्त होता, आणि त्याचें उत्तर मला एका शब्दांत देतां येईना.

जुन्या खोडीप्रमाणें मीं कोश उघडले. इंग्रजींत ‘सँड-ब्लाइंड’ असा एक जुना शब्द आहे. अर्थ, अंधुक दिसणारा. ऐकणारास वाटावें, डोळ्यांत वाळू गेलेला. डॉ. जॉन्सन यांनींही १७५५ सालच्या आपल्या कोशांत वाळूचाच धागा धरून, डोळ्यांपुढें बारीक कण दिसण्याचा दोष, असा अर्थ दिला. आणि त्यांचा स्वतःचा एक डोळा तर बाळपणापासून जवळजवळ निकामी होता! शेक्सपिअरनें ‘मर्चंट ऑफ व्हेनिस’ नाटकांत याच शब्दावर वाळूची आणि खडीची कोटी केली आहे. भाषाशास्त्रज्ञांचें म्हणणें मात्र निराळें. या शब्दांतील पहिलें पद मूळचें ‘साम’. जुन्या इंग्रजींत त्याचा अर्थ अर्धा. लॅटिनमधील ‘सेमि’ आणि आपल्या संस्कृतांतील ‘सामि’ हीं त्याचींच भावंडें. पुढें इंग्रजांस ‘साम’ अनोळखी झाला, आणि त्याच्या जागीं ओळखीची वाळू येऊन बसली.

‘परब्लाइंड’ शब्दाची कथाही अशीच. आरंभीं तो पूर्ण आंधळ्यास लावीत. कालांतरानें अंधुक दृष्टीच्या माणसास लावूं लागले. अर्ध्या दृष्टीस शब्द हवा ही गरज इतकी खरी, कीं पूर्णाचा शब्दही अर्ध्याकडे ओढला गेला.

हें वाचून मला आनंद व्हावयाचा. झाली ती लाज. ‘सामि’ हें अव्यय मीं अमरकोशांतून कित्येक वर्षें मुलांकडून पाठ करून घेतलें. त्याच वर्गांत मागल्या बाकावर एक मुलगा बसे. फळ्यावरचीं रूपें तो नेहमीं चुकीचीं उतरवी. एके दिवशीं साऱ्या वर्गादेखत मीं त्यास म्हटलें, "आंधळा आहेस काय?" मुलें हंसलीं. सहामाहीनंतर त्यास चष्मा लागला, तेव्हां कळलें कीं त्यास फळ्यावरचें कधीं दिसलेंच नव्हतें. तो आंधळा नव्हता, आळशीही नव्हता. माझ्यापाशीं मात्र डोळस आणि आंधळा असे दोनच खण होते. मीं त्याची क्षमा मागितली नाहीं. गुरूनें शिष्याची क्षमा मागावयाची नसते, अशी स्वतःची समजूत घातली.

आपल्या देशाच्या २०१६ सालच्या दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांच्या कायद्यांत अंधत्व आणि अल्पदृष्टि यांच्या व्याख्या वेगवेगळ्या दिल्या आहेत. कायद्यानें केलेला हा भेद घरांत आणि शाळेंतही पाळला जावा. मुलानें फळा चुकविला, वडील माणूस उंबऱ्यास ठेंचाळला, तर शब्द टाकण्यापूर्वीं "तुला किती दिसतें?" एवढें विचारावें.

नातवास मीं अखेर उत्तर दिलें, "बाळ, मी अर्धा आंधळा आहें. समोरचें दिसतें, बाजूचें दिसत नाहीं." तेव्हांपासून तो ओटीवर पाऊल टाकतांना दुरूनच ओरडतो, "आजोबा, डावीकडून येतों आहें!"

तो विद्यार्थी आतां चांगला संसारी गृहस्थ झाला असेल. हा अंक त्याच्या घरीं जात असल्यास त्यानें एवढें वाचावें: त्या दिवशीं वर्गांत ज्यास दिसलें नाहीं, तो मी होतों.