कंपायलरने बोललं पाहिजे

कंपायलरचं काम फक्त उतरवून देण्याचं, असं मी बरीच वर्षं मानलं. प्रोग्रामरने सी भाषेत लिहिलेलं यंत्राच्या भाषेत अचूक आणि झटपट उतरवायचं, बस. कोडमध्ये खोट कुठे आहे हे शोधायला वेगळी साधनं असावीत आणि ज्याला गरज वाटेल त्याने ती चालवावीत. मुक्त स्रोत कंपायलर आणि कोड तपासणारी साधनं हेच माझं काम, त्यामुळे पॅचवरच्या चर्चांत हे मत मी हिरिरीने मांडत असे. आज माझं मत नेमकं उलट आहे. तपासणी कंपायलरच्या पोटातच हवी, आणि जिची खात्री देता येते ती कुणी न मागताही प्रत्येकाला मिळायला हवी.

जुन्या मताला भक्कम आधार होता. एका साधनाने एकच काम चोख करावं, ही युनिक्सची शिकवण. बेल लॅब्जमध्ये स्टीफन जॉन्सन यांनी १९७०च्या दशकात ‘लिंट’ लिहिलं, तेही सीच्या कंपायलरपासून वेगळं. त्या काळी यंत्रं तोकडी होती, कंपायलरवर जादा भार परवडणारा नव्हता. शिवाय हेन्री राइस यांनी १९५३ साली मांडलेलं प्रमेय आड येतंच. प्रोग्राम चालताना कसा वागेल, याबद्दलच्या प्रश्नाचं अचूक उत्तर सगळ्याच प्रोग्रामांसाठी देणारी एकच रीत असू शकत नाही, असं ते सांगतं. म्हणजे कोणतंही साधन एकतर काही दोष सोडणार किंवा काही खोटे इशारे देणार. रोज हाताशी लागणाऱ्या कंपायलरने या अनिश्चिततेत कशाला पडावं, असा माझा सवाल असे.

या सवालाला पहिला धक्का दिला तो लिनक्स कर्नलमधल्या २००९ सालच्या एका दोषाने. ‘टन’ या आभासी नेटवर्क ड्रायव्हरमध्ये एक फंक्शन होतं. त्याच्या सुरुवातीलाच एका पॉइंटरमधून किंमत वाचलेली होती, आणि तो पॉइंटर नल तर नाही ना, ही तपासणी त्यानंतरच्या ओळींत होती. जीसीसी या कंपायलरने यातून सरळ निष्कर्ष काढला: पॉइंटर आधीच वापरलाय, सीच्या नियमांनुसार नल पॉइंटर असा वापरता येत नाही, म्हणजे तो नल नसणारच, मग तपासणी अनावश्यक. ऑप्टिमायझेशन करताना त्याने ती तपासणी गाळून टाकली. नियमांत ते चोख बसत होतं. पण हल्लेखोराला कर्नलमध्ये शिरायला वाट मोकळी झाली. पुढे कर्नलच्या मेकफाइलमध्ये असल्या तपासण्या गाळू नयेत असं सांगणारा पर्याय घालावा लागला.

हा कोड मी पुन्हापुन्हा वाचला. मला अस्वस्थ करणारी गोष्ट अशी की कंपायलरला सगळं ठाऊक होतं. पॉइंटर कुठे वापरला, तपासणी कुठे झाली आणि या दोन ओळींचा मेळ बसत नाही, हे त्याने स्वतःच शोधून काढलं होतं. त्या ज्ञानाचा वापर त्याने यंत्राच्या दोन-चार आज्ञा वाचवायला केला आणि प्रोग्रामरला मात्र एका शब्दाने काही सांगितलं नाही. कंपायलर फक्त उतरवून देतो, हे माझं गृहीतकच तिथे टिकत नव्हतं. वेगवान कोडसाठी तो विश्लेषण करतोच. प्रश्न उरतो तो बोलायचं की गप्प बसायचं, एवढाच. गाळलेल्या प्रत्येक तपासणीबद्दल त्याने बोलावं असं नाही. मॅक्रो आणि इनलाइन फंक्शनांमुळे अशा गाळणुकी ढिगाने होतात. पण कुठे बोलायचं हे ठरवणं, हे तर आम्हा कंपायलर लिहिणाऱ्यांचंच काम आहे.

दुसरं कारण अधिक व्यवहाराचं. वेगळं साधन लिहायचं तर आधी कंपायलरची नक्कल करावी लागते. प्रकल्पाचे पर्याय, हेडर फाइल्स, सीच्या नाना बोली, सगळं त्यालाही कळावं लागतं. कव्हेरिटी या कोड तपासणाऱ्या साधनाच्या संस्थापकांनी २०१० साली आपले अनुभव लिहिले, त्यात हेच दुखणं आहे: जो कोड वाचताच येत नाही, तो तपासणार कसा?

आणि वेगळं साधन चालवतो तरी कोण? फेब्रुवारी २०१४मध्ये उघड झालेला ॲपलचा ‘गोटू फेल’ दोष आठवा. सुरक्षित जोडणीच्या कोडमध्ये एका ‘इफ’खाली ‘गोटू फेल’ ही ओळ दोनदा पडली होती. महिरपी कंस नव्हते. दुसरी ओळही आत सरकवलेली, म्हणून अटीखालची वाटे. प्रत्यक्षात ती दर वेळी चालत होती. त्यामुळे सहीची खरी पडताळणी न होताच फंक्शन ‘सगळं ठीक’ म्हणून परतत होतं. क्लँग या कंपायलरकडे कधीच न चालणारा कोड दाखवणारी वॉर्निंग तेव्हाही होती, पण ती नाव घेऊन मागावी लागे. २०१६ साली जीसीसी ६मध्ये फसव्या इंडेंटेशनची वॉर्निंग आली आणि बहुतेक प्रकल्प लावतात त्या ‘डब्ल्यू-ऑल’ पर्यायातच तिला जागा मिळाली. कल्पना साधी, पण ती लाखो लोकांपर्यंत आपोआप पोहोचली.

वॉर्निंग म्हणजे हुकूम नव्हे, हेही तितकंच महत्त्वाचं. डेबियन या लिनक्स वितरणात २००६ साली ओपनएसएसएल या कूटलेखनाच्या लायब्ररीतल्या दोन ओळी काढल्या गेल्या, कारण व्हॅलग्राइंड हे मेमरी तपासणारं साधन तिथे किंमत न दिलेली मेमरी वापरली जातेय म्हणून तक्रार करत होतं. त्या ओळींबरोबर यादृच्छिकतेचा जवळजवळ सगळा साठा गेला. उरला तो फक्त प्रोसेस क्रमांक, म्हणजे जेमतेम ३२,७६८ शक्यता. २००८च्या मे महिन्यात हे उघड होईपर्यंत कमकुवत किल्ल्या तयार होत राहिल्या. नुसतं ‘इथे काहीतरी चुकतंय’ म्हणणारं साधन किती महाग पडू शकतं, ते इथे दिसतं. कारण सांगायलाच हवं.

म्हणूनच २०२०च्या जीसीसी १०मधलं, डेव्हिड माल्कम यांनी लिहिलेलं विश्लेषक मला महत्त्वाचं वाटतं. ते दोषाची वाट क्रमांक घालून दाखवतं: इथे मेमरी घेतली, ही अट खरी ठरली, इथे ती मोकळी केली, आणि इथे पुन्हा मोकळी केली. प्रोग्रामर बोट ठेवत वाचू शकतो आणि पटलं नाही तर नेमक्या कोणत्या पायरीवर, ते सांगू शकतो. जीसीसी १० प्रसिद्ध होण्याआधीच या विश्लेषकामुळे ओपनएसएसएलमधला नल पॉइंटरचा एक गंभीर दोष सापडला. ते वेळखाऊ आहे, म्हणून आपोआप चालत नाही. पण एका पर्यायाच्या अंतरावर, त्याच कंपायलरमध्ये आहे.

हे सगळं शिकायला परदेशी जावं लागतं असंही नाही. मुंबईच्या आयआयटीत उदय खेडकर यांनी जीसीसीच्या अंतरंगावर कार्यशाळा घेतल्या. अमिताभ सन्याल आणि बागेश्री करकरे यांच्यासह त्यांनी लिहिलेलं डेटा फ्लो विश्लेषणावरचं पुस्तक २००९ साली आलं. कोड खुला आहे, शिकवणारी माणसं आपल्याकडे आहेत. कमी आहे ती हात लावणाऱ्यांची.

तेव्हा एक विनंती. आपल्या प्रकल्पात वॉर्निंग बंद असतील तर आज चालू करा. खोटा इशारा आला तर तो दाबून पुढे जाऊ नका. तो ज्यातून उमटला तेवढ्याच पाच-दहा ओळी वेगळ्या काढा आणि कंपायलरच्या मंडळींकडे बग म्हणून नोंदवा. तुम्ही नोंदवलेली ती चूक दुरुस्त झाली की पुढच्या आवृत्तीत जगभरच्या प्रोग्रामरांचा त्रास वाचतो.