टोलेडोची तलवार आणि फैजानची ईदी

माद्रिदहून रेल्वेने अर्ध्या तासात आम्ही टोलेडोला पोहोचलो. तीन बाजूंनी ताहो नदीने वेढलेले टेकडीवरचे हे गाव मुस्लिम अमदानीत तुलैतुला होते. 1085 मध्ये ते राजा अल्फोन्सो सहावा याने घेतले. मुख्य चौकाचे नाव सोकोदोवेर, म्हणजे अरबी 'सूक अद्-दवाब', गुरांचा बाजार! आता आसपासच्या गल्ल्यांत बाजार भरतो तो तलवारींचा.

युरोपच्या नाइट सरदारांच्या सरळ, दुधारी तलवारींच्या नकला दुकानादुकानांत टांगलेल्या. एल सिदची तिझोना, तिच्या शेजारी सिनेमातल्या तलवारी. (हा एल सिद काही वर्षे सरागोसाच्या मुस्लिम अमीराच्या चाकरीत होता, आणि 'सिद' म्हणजे आपला 'सय्यद'च. दुकानातल्या पाटीवर हे नव्हते.)

आमच्या आठवीतल्या फैजानने दोन वर्षांची ईदी साठवून आणली होती. एक तलवार उचलून तो म्हणाला, "अब्बू, केवढी जड! घोड्यावरून कशी फिरवत असतील?"

फिरवतच नसत. त्या काळची एकहाती तलवार साधारण एक ते दीड किलोची; मुठीच्या टोकाचा लोखंडी गोळा पात्याचा तोल सांभाळी. टोलेडोचे जुने कारागीर मऊ लोखंडाच्या गाभ्याला दोन्ही बाजूंनी पोलाद जोडून पाते घडवीत आणि तापवून पाण्यात विझवीत. म्हणून ते वाके, पण तुटत नसे. समोरची नक्कल स्टेनलेस स्टीलची, मुठीत शिरणारा भाग म्हणजे बारीक सळई. दुकानदार भला माणूस होता. खुणेने सांगितले, भिंतीसाठी आहे, फिरवू नका. पाते निखळून कुणाला लागेल.

तिसऱ्या कार्लोस राजाने 1761 मध्ये काढलेल्या शस्त्रांच्या कारखान्यात आता विद्यापीठ भरते. आम्हा शिक्षकांना त्याचे बरेच वाटले. हाताने पाते घडवणारे मात्र मोजकेच उरलेत, आणि त्यांची किंमत ईदीत बसणारी नव्हती.

आम्ही फैजानला आठवण दिली, युरोपी पात्यांच्या सरळ तलवारी आपल्या दख्खनेतही होत्या. मराठे त्यांना 'फिरंग' म्हणत. पाते परदेशी, मूठ इथली. तो ऐकत होता, पण नजर तिझोनावर. शेवटी घेतलीच. पैसे त्याचे होते.

घरी दादीने पाहिली आणि विचारले, "याने कांदा तरी चिरेल का?"

मुठीपुढची आडवी पट्टी पहिल्याच महिन्यात हलू लागली. फैजान ती रोज दाबून बसवतो.