गुडघ्यावरचा डाग

कासच्या पठारावरून परतून चार दिवस झाले. पँटच्या गुडघ्यावरचा तांबडा डाग दोनदा धुऊनही गेलेला नाही.

आजवर तिथं मी उभ्याउभ्याच फोटो काढत आलो. सीतेची आसवं ही फुलं म्हणजे नुसता जांभळा गालिचा. एकाही फुलाशी ओळख नाही. या वेळी पायवाटेच्या कडेचं एकच फूल निवडलं आणि चिखलात गुडघे टेकले. अ‍ॅपर्चर एफ/२.८ ठेवलं, तर मागचं गवत विरघळलं, पण पाकळीची कडही हरवली. एफ/११ केलं, तर काडी न् काडी पुढे येऊन गर्दी करू लागली. मधलं काही जमतंय म्हणेपर्यंत वारा सुटला. शटर १/५०० वर नेलं, आयएसओ चढवला. फूल स्थिरावलं, फोटो दाणेदार झाला. एक धरावं तर दुसरं सुटतं.

पांढऱ्या गेंदांची गंमत वेगळीच. कॅमेरा समोरचं सगळं करडं धरून मोजतो, म्हणून शुभ्र फुलंही मळकी उतरतात. उजेड एक स्टॉप वाढवला, तेव्हा कुठे ती पांढरी झाली. कुणाकुणाला आपणही असंच मोजत असू का?

मग धुकं आलं. फूल दिसेना, पाकळीवरचा एक थेंब तेवढा लुकलुकत राहिला. त्याचा फोटो मी काढला नाही. का, ते अजून नीटसं उमगलेलं नाही.

पँट पुन्हा भिजत घातली आहे. डाग निघावा असं फारसं वाटत नाही.